झाकण घ्या, कुलूप नको

रत्नागिरी,
14 जून

प्रिय मृणाल,


सोसायटीची सेक्रेटरी झालीस, त्याबद्दल अभिनंदन आणि थोडी सहानुभूतीही. तुझा लांबलचक निरोप दोनदा वाचला. फायर अलार्म रात्री-अपरात्री वाजतो, आग कुठेच नसते, बावीस मजले उतरून लोक खाली येतात आणि आपापसांत भांडून परत वर जातात. अलीकडे तर उतरायचंही सोडलंय. त्यावर कमिटीत दोन उपाय निघाले. चेअरमनसाहेब म्हणतात, आगीची वर्दी द्यायच्या भिंतीवरच्या लाल डब्यांना पत्र्याच्या पेट्या करू, कुलूप लावू, किल्ली वॉचमनकडे ठेवू. खजिनदार म्हणतात, तो खर्च तरी कशाला, पावसाळा संपेपर्यंत अलार्मच बंद ठेवू. आणि तू विचारतेस की बाजारात पारदर्शक झाकणं मिळतात म्हणे, त्यांतलं कुठलं घेऊ?

झाकण घे. पण कुठलं, किती आणि कुठे, हे दुकानदाराला विचारू नकोस. तो तुला सगळ्यात महाग असेल ते सगळीकडे लावायला सांगेल. आधी तुमच्याच पॅनेलला विचार.

एवढ्या मोठ्या बिल्डिंगला बहुधा अ‍ॅड्रेसेबल पॅनेल असेल, म्हणजे प्रत्येक लाल डबीला आणि प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर. अलार्म कुठल्या नंबरावरून आला, किती वाजता आला, हे ते पॅनेल लक्षात ठेवतं. एएमसीवाल्या, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीच्या मुलाला बोलाव, चहा पाज आणि गेल्या काही महिन्यांची हिस्ट्री उतरवून घे. जुनं साधं पॅनेल असेल तर ते फक्त झोन दाखवतं. मग केबिनमध्ये एक वही ठेव आणि गार्डला सक्ती कर की कुठली डबी दबलेली होती किंवा कुठल्या डिटेक्टरचा दिवा पेटलेला होता, ते मजल्यावर जाऊन, डोळ्यांनी बघून लिहायचं. हे रीसेट करण्याआधी करायचं असतं. रीसेट केला की दिवा विझला आणि पुरावाही गेला. आपल्याकडे नव्वद टक्के भांडणं त्या रीसेटनंतर सुरू होतात. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, कुठल्या अहवालातला नाही.)

यादी हातात आली की चित्र आपोआप दिसायला लागतं. संध्याकाळी पाच ते आठ, पोडियम, लाल डबी असं पुन्हा पुन्हा दिसलं तर मुलं आणि त्यांचा बॉल. पहाटे तीन, बेसमेंट, आणि त्या रात्री पाऊस होता, तर पाणी. सकाळी अकरा, सातवा मजला, डिटेक्टर, तर कुणाच्या तरी घरी सुतार प्लाय कापतोय आणि दार उघडं ठेवलंय. झाकणाचा गुण पहिल्या दुखण्यावर चांगला येतो, दुसऱ्यावर अर्धामुर्धा, तिसऱ्यावर मुळीच नाही. हे न बघता साठ झाकणं घेतलीस तर पैसे जातील आणि अलार्म वाजतच राहील. मग पुढच्या मीटिंगमध्ये कुलूपवाले जिंकतील.

त्या कुलपाबद्दल चेअरमनसाहेबांशी बोलताना त्यांचा मान राखून बोल, कारण कल्पना मूर्खपणाची नाही. शहाण्या माणसांनी ती पूर्वी वापरून पाहिलेली आहे. 1852 साली अमेरिकेत बोस्टन शहरात तारायंत्रावर चालणारी आगीच्या वर्दीची पहिली व्यवस्था सुरू झाली. नाक्यानाक्यावर लोखंडी पेट्या बसवल्या. उनाड लोकांनी खोटी वर्दी देऊ नये म्हणून पेट्यांना कुलुपं घातली आणि किल्ल्या पोलिसांकडे आणि आसपासच्या भरवशाच्या माणसांकडे ठेवल्या. हीच रीत शिकागोतही होती. 8 ऑक्टोबर 1871 च्या रात्री तिथे ओलिअरी नावाच्या कुटुंबाच्या गोठ्यात आग लागली. जवळची पेटी गोल नावाच्या औषधविक्रेत्याच्या दुकानाला लावलेली होती आणि किल्ली त्याच्याकडे. विल्यम ली नावाचा शेजारी धावत दुकानात गेला. पुढे चौकशीत ली म्हणाला, गोलने किल्ली दिली नाही, बंब आत्ताच गेला म्हणून सांगितलं. गोल म्हणाला, मी स्वतः पेटी चालवली, एकदा नाही, दोनदा. दोघांपैकी खरं कोण बोललं ते आजवर ठरलेलं नाही. पण मुख्य ठाण्यात त्या पेटीवरून वर्दीची नोंद झालीच नाही. शिकागो दोन दिवस जळत होतं. सुमारे 300 माणसं गेली, लाखभर बेघर झाली.

आता सगळा दोष त्या कुलपावर टाकला तर तेही खोटं होईल. महिनोन्महिने पाऊस नव्हता, वारा जोराचा होता, घरं लाकडाची होती, आणि मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याने आगीची जागा चुकीची ओळखली होती. पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात असली की काय होतं, ते या प्रसंगात बघायला मिळतं. तुमच्याकडे रात्री दोन वाजता चौदाव्या मजल्यावर धूर दिसला तर किल्ली तळमजल्यावरच्या केबिनमध्ये असेल आणि किल्लीवाला कदाचित मागच्या गेटवर दुधाची गाडी आत घेत असेल. मनोरुग्णालयात किंवा तुरुंगात किल्लीची डबी चालते, कारण तिथे प्रत्येक पाळीवर किल्ली कमरेला लावून फिरणारी माणसं असतात. राहत्या इमारतीत कुलूप नको. पत्र्याचं नको, नंबराचं नको, "फक्त रात्रीपुरतं" पण नको. अगदीच हवं असेल तर ओढल्यावर तुटणारं प्लॅस्टिकचं सील चालेल. डबीला कुणी हात लावला होता का, एवढं त्यावरून कळतं.

खजिनदारांच्या उपायावर मी एकच प्रसंग सांगेन. न्यू जर्सीत सेटन हॉल नावाचं विद्यापीठ आहे. तिथे बोलंड हॉल हे पहिल्या वर्षाच्या मुलांचं सहा मजली वसतिगृह, साधारण 600 मुलं राहायची. 1999 च्या सप्टेंबरपासून चार महिन्यांत तिथे 18 वेळा खोटा अलार्म वाजला होता. 19 जानेवारी 2000 च्या पहाटे तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या जागेत खरी आग लागली. अलार्म वाजला, बरोबर वाजला. बरीच मुलं कूस बदलून पडून राहिली. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. यंत्रणेत बिघाड नव्हता, फक्त तिच्यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. त्याच वर्षी न्यू जर्सीने वसतिगृहांत स्प्रिंकलर सक्तीचे केले. तुमच्याकडचे लोक आता जिना उतरत नाहीत असं तू लिहिलंस, ते वाचून मला बोलंड हॉलच आठवला. अलार्म बंद ठेवला काय आणि न ऐकण्याची सवय लागली काय, रात्री दोन वाजता दोन्हींचा हिशेब सारखाच येतो.

तेव्हा झाकणाकडून काय हवंय ते आधी ठरव. झाकणामुळे हाताला एक जादा हालचाल पडते. ती हालचाल टेनिस बॉलला, सायकलच्या हँडलला, सोफा चढवणाऱ्या माणसाच्या कोपराला आणि बाबागाडीत बसलेल्या पोराला जमता कामा नये. आणि तीच हालचाल धुरात खोकत आलेल्या, चष्मा घरात राहिलेल्या तुझ्या सासूबाईंना एका हाताने, न शिकवता जमली पाहिजे. मी विनोद करत नाहीये. नमुन्याचं झाकण आलं की खरंच सासूबाईंना लॉबीत उभं कर आणि काही न सांगता म्हण, "आग लागलीय, वाजवा." त्या गोंधळल्या तर ते झाकण परत पाठव, भले त्यावर कितीही शिक्के असोत.

या कसोटीला बहुतेक मजल्यांवर सगळ्यात साधं झाकण उतरतं: डबीच्याच कंपनीचं, वरून बिजागरी असलेलं पारदर्शक पान. उचलायचं, दाबायचं. ना बॅटरी, ना भोंगा. काही शे रुपयांत येतं. ब्रिटनच्या फायर अलार्मच्या मानकात 2017 च्या आवृत्तीपासून सगळ्याच डब्यांना असं झाकण असावं अशी शिफारस आली, कारण धक्क्याने आणि चुकून दबण्याचे प्रकार फार होते. झाकण बसवल्यावर एक गोष्ट तपास. डबी टेस्ट करायची छोटी किल्ली खालच्या भोकात घालता येते का? येत नसेल तर एएमसीवाला प्रत्येक वेळी झाकण काढील आणि एक दिवस परत लावायचं विसरेल.

झाकण लावण्याआधी आतली डबीही उघडून बघ. तुमच्या बिल्डिंगमध्ये काचेच्या जुन्या डब्या असतील तर बाजूला साखळीला लहानसा हातोडा लटकत असायचा. तो बहुधा गेलेला असेल, हातोडे पहिल्या दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. काच आतल्या छोट्या स्विचला दाबून धरते. काच फुटली की स्विच सुटतो आणि अलार्म वाजतो. एकदा फुटल्यावर नवी काच हाताशी नसते, मग रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन काय करतो? व्हिजिटिंग कार्डाची घडी घालून स्विचवर खोचतो. बाहेरून सगळं ठीक, पॅनेलवर हिरवा दिवा. कार्ड दमट हवेत मऊ पडलं की स्विच सुटतो आणि मध्यरात्री अलार्म. किंवा कार्ड चांगलं कडक असेल तर त्याहून वाईट, कारण ती डबी मग कितीही बडवली तरी वाजत नाही. अशा डबीवर नवं कोरं झाकण लावलंस तर आतलं कार्ड आणखी सुरक्षित होईल, एवढंच. काचेऐवजी लवचीक प्लॅस्टिकची पट्टी असलेल्या डब्या मिळतात. दाबली की पट्टी आत जाते, किल्लीने परत जागेवर येते, फुटत काहीच नाही. काही कंपन्यांच्या जुन्या डब्यांत काच काढून तीच पट्टी बसवता येते. बजेट तुटपुंजं असेल तर आधी हे कर, झाकण नंतर.

आता पोडियम, क्लबहाऊस, तळमजल्याची लॉबी, म्हणजे जिथे मुलांचा राबता आहे आणि खोडी जाणूनबुजून होते. तिथे आवाज करणारं झाकण घे. मिशिगनमध्ये 1980 च्या सुमारास शाळांतल्या खोड्यांसाठीच ते निघालं. डबीच्या वायरिंगशी त्याचा संबंध नसतो. झाकण उचललं की त्यातला भोंगा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ओरडतो, हातभर अंतरावर शंभर डेसिबलच्या आसपास. पॅनेलला काही कळत नाही. आतली डबी दाबली तरच खरा अलार्म. खोडी काढणाऱ्याला दाबून पसार व्हायचं असतं आणि जिन्याच्या आडून गंमत बघायची असते. भोंगा ओरडला की चार दारं उघडतात आणि बाळराजे डबीपाशी रंगेहाथ सापडतात. मी हे एका शाळेत बसवलं तेव्हा पहिला आठवडा भोंगा सारखा वाजत होता, कारण प्रत्येक वर्गाला झाकण उचलून बघायचंच होतं. मुख्याध्यापक माझ्यावर उखडले. नंतर मुलांना कंटाळा आला आणि डब्यांकडे कुणी बघेनासं झालं. तुझ्याकडेही पहिला आठवडा असाच जाईल. कमिटीला आधीच सांगून ठेव.

पण या झाकणाचा एक खोल दोष आहे आणि विकणारा तो सांगत नाही. घाबरलेला माणूस झाकण उचलतो, भोंगा ऐकतो आणि समजतो, अलार्म वाजला, माझं काम झालं. डबी न दाबताच तो जिना उतरतो. वरच्या मजल्यांना काहीच कळत नाही, कारण तो आवाज त्या एकाच लॉबीपुरता. म्हणून हे झाकण मोजक्या जागीच लावायचं, आणि जिथे लावशील तिथे मोठ्या अक्षरांत लिहायचं: "झाकण उचला. आतलं बटण दाबा." मराठीत आणि हिंदीत, शेजारी बाणाचं चित्र. घरकामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, डिलिव्हरीची मुलं यांना वाचायला चित्रच बरं. गार्डला दोन्ही आवाज प्रत्यक्ष ऐकव: हा झाकणाचा, हा खऱ्या अलार्मच्या हूटरचा. आणि झाकणाच्या भोंग्यालाही मजल्यावर जाऊन बघायचं, केबिनमधून कान टवकारून बसायचं नाही. बॅटरी बदलायची तारीख झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेव, नाहीतर ती कुणालाच आठवणार नाही.

आता पाणी. इथे कोकणात माझी अलार्मची अर्धी कामं पाण्याचीच होती. बेसमेंट, गच्ची, उघडा जिना, स्विमिंग पूलची बाजू इथे साधं झाकण पुरत नाही. तिथे रबरी गॅस्केटवालं, आयपी 65 किंवा त्याहून वरच्या दर्जाचं झाकण घे, नाहीतर मुळातच पाणीबंद डबी घे. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. झाकण पाणी अडवतं ते समोरून येणारं. पण डबीत पाणी समोरून क्वचितच येतं. एका हॉटेलात मी गेलो होतो, तिथे महागडी पारदर्शक झाकणं लावून वर पुन्हा अलार्म वाजत होता. झाकण चकचकीत, आत टिपूस नाही. स्क्रू काढून डबी भिंतीवरून उचलली. वरच्या भोकातून आलेल्या वायरीवर थेंब ओळीने बसलेले, एकेक घरंगळत टर्मिनलवर उतरत होता आणि पितळी स्क्रूवर हिरवा थर चढला होता. वायरीचा पाइप गच्चीवरून सरळ खाली आणला होता. पावसाचं पाणी पाइपातून वायरीच्या अंगाने डबीत येत होतं. दोन टर्मिनलांमध्ये पाण्याचा पूल झाला की साधं पॅनेल समजतं, कुणीतरी डबी दाबली. त्यावर जगातलं कुठलंच झाकण चालत नाही. वायर खालून आत घ्यायची, ती शिरते तिथला ग्लँड घट्ट करायचा आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे पाणी वळशावरून टपकतं. पहाटे तीनचे तुमचे अलार्म हेच असणार, मी पैज लावायला तयार आहे.

बेसमेंटमध्ये गाड्या धुणाऱ्यांचा पाइप आणि रिव्हर्स येणाऱ्या गाड्या, असे दोन शत्रू आणखी असतात. गाडीचा धक्का झाकण थोपवत नाही. तिथे भिंतीला लोखंडी पट्टीची चौकट ठोक किंवा डबी खांबाच्या आडोशाला, पण दिसेल अशी हलव. गच्चीवर ऊन असतं. पॉलिकार्बोनेटचं झाकणही काही वर्षांत पिवळं आणि ठिसूळ होतं, तेव्हा दर वर्षी हाताने दाबून बघ. आणि कुणी कोपऱ्यावरच्या ग्लासवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकचे डबे करून आणायची सूचना करेल, कारण ते स्वस्त पडतात. अ‍ॅक्रिलिक फुटतं ते धारदार तुकड्यांनी, आणि ते डबे चार स्क्रूंनी बंद केलेले असतात. मग कुलूप काय वाईट होतं?

एक जागा बहुतेक सोसायट्या विसरतात. क्लबहाऊसच्या किंवा जिमच्या काचेच्या दाराला कार्डाने उघडणारं चुंबकाचं लॉक असतं. शेजारी हिरवी डबी असते, ती दाबली की लॉकची वीज जाते आणि दार सुटतं. तिच्या वीतभर अंतरावर लाल डबी. दार उघडेना म्हणून कुरियरवाला जे पहिलं दिसेल ते दाबतो. तिथे दोन्हींना झाकण आणि ठळक पाट्या हव्यात. जमलं तर लाल डबी थोडी लांब हलवून घे. झाकण काही असो, अलार्म वाजला की ते दार आपोआप सुटलं पाहिजे. टेस्टच्या दिवशी हे स्वतः उभी राहून बघ.

डिटेक्टरबद्दल थोडक्यात, कारण तिथे झाकण हा उपायच नाही. डिटेक्टर धूर आत गेला तरच काम करतो, झाकला की बहिरा. प्लॅस्टिकची पिशवी, सेलोटेप, शॉवर कॅप, हे सगळं मी छताला लटकलेलं बघितलंय. अपवाद एकच: रंगकाम किंवा सुतारकाम चालू असताना घालायची ती केशरी किंवा पिवळी टोपी, जी डिटेक्टरसोबतच येते. ती सकाळी सुपरवायझरला मोजून द्यायची आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायची, मधल्या वेळात मजल्यावर माणूस फिरता ठेवायचा. मोजायचं का, तर एका इमारतीत पेंटरने टोपीसकट छत रंगवलं होतं. पांढऱ्या छतावर पांढरी टोपी, खालून कुणाच्या नजरेला येणार? पुढच्या टेस्टपर्यंत तो मजला उघडाच होता. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये डिटेक्टरला तारेची जाळी चालते, पण भोकं मोठी हवीत आणि जाळी शक्यतो डिटेक्टरच्याच कंपनीने मान्य केलेली हवी.

क्लबहाऊसच्या स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर असेल तर तो काढून उष्णतेचा लाव, फोडणीचे अलार्म तिथेच संपतील. गणपतीत तळमजल्यावर धूप, कापूर, कधी होम होणार. तेवढ्या तासांपुरता तो एकच डिटेक्टर पॅनेलवर आयसोलेट कर, सगळा झोन नको. वहीत वेळ लिही, तिथे फायर एक्स्टिंग्विशर घेऊन माणूस उभा कर आणि आरती आटोपली की परत चालू कर. डासांच्या धूरफवारणीचंही तसंच. महापालिकेची माणसं केव्हा येणार ते गार्डला आदल्या दिवशी माहीत हवं.

गार्डचा विषय निघालाच आहे तर हेही. त्याला रात्री अलार्म वाजल्यावर कमिटीतले दहा फोन येतात आणि दहाही जण म्हणतात, "आधी ते बंद कर." तो बिचारा सायलेन्स दाबतो. हा हुकूम लेखी बदल: आधी कुठला नंबर ते बघायचं, एकाने वर जायचं, दुसऱ्याने पॅनेलपाशी थांबायचं, धूर दिसला तर लगेच 101. खोट्या वर्दीचा त्रास फक्त तुम्हालाच नाही. स्कॉटलंडच्या अग्निशमन दलाने 1 जुलै 2023 पासून ठरवलं की दुकानं-कचेऱ्यांतून नुसता आपोआप अलार्म आला तर बंब पाठवायचा नाही, आग दिसल्याचं कुणीतरी सांगितलं पाहिजे. हॉस्पिटलं, हॉटेलं अशा झोपण्याच्या जागा त्यांनी वगळल्या, पण वेळ तिथपर्यंत आली.

खरेदीचं सांगतो आणि पत्र पुरं करतो. तीन कोटेशनं मागवशील तेव्हा प्रत्येकाला डबीची कंपनी आणि मॉडेल लिहून दे. नुसतं "एमसीपी कव्हर", म्हणजे लाल डबीचं झाकण, एवढंच लिहिलंस तर तीन जण तीन मापं आणतील. पृष्ठभागावरची डबी आणि भिंतीत बसवलेली डबी यांना वेगळी झाकणं लागतात, तो फरक ऑर्डर देताना हमखास राहतो. झाकण कॉरिडॉरमध्ये किती पुढे येतं ते मोज, स्ट्रेचर वळताना अडकायला नको. एकच नमुना आधी बसव, महिनाभर बघ, मग बाकीच्यांची ऑर्डर. माझा अंदाज असा की साध्या झाकणाची तुला सगळ्यात जास्त गरज लागेल, भोंग्याची चार-पाच जागी आणि पाणीबंद डब्यांची बेसमेंट-गच्चीवर.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांची, म्हणजे तुमचीच. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुलै तोंडावर आलाय. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा त्याला केबिनमध्ये बसून सही करू देऊ नकोस. त्याच्याबरोबर तू स्वतः प्रत्येक मजल्यावर जा, प्रत्येक डबी त्याला किल्लीने वाजवायला लाव आणि आत व्हिजिटिंग कार्ड नाही ना ते बघ. पॅनेलच्या हिस्ट्रीचा फोटो मला आधी पाठव, बेसमेंटच्या डब्यांचे वरून आणि खालून काढलेले फोटोही. वायर कुठून आत शिरते ते दिसलं पाहिजे.

मामीने आमसुलं काढून ठेवलीत. दादा पुढच्या आठवड्यात ठाण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते म्हणाली.

तुझा,
मामा